शेरा

वादळानंतरचा नववा दिवस. मनोरीची खाडी.
माझ्या तक्त्यात ओहोटी सात वीसची.
पास्कू कोळी म्हणाला, आज बीज खरी,
पण वरून पावसाचं पाणी लोटतंय,
आठाच्या आत चिखल उघडा पडायचा नाही.
आठाला पाच कमी असताना पडला.

क्षारता : एकोणीस. काचेवर एक थेंब, काच आभाळाकडे.
पास्कूनं बोट बुडवून चाखलं :
"पेजेत याहून मीठ असतं."
पारदर्शकता : बावीस सेंटिमीटर.
म्हणजे काळीपांढरी तबकडी दोरीनं सोडायची
आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवर चिमट धरायची.
माझी दोरी परकराच्या नाडीची आहे.
मूळची ऑफिसच्या कपाटात भिजून कुजली.
देवस्थळी मॅडमना हे कळवलेलं नाही.
गाठी मात्र पट्टी लावून मारल्यात.

मीटरभर चौकटीत खेकड्यांची बिळं : शून्य.
निवट्या : शून्य.
पिशव्या, चपला, थर्माकोल यांना रकाना नाही,
ते शेऱ्यात.
तिवराच्या मुळांत शाळेची पाण्याची बाटली,
झाकणावर चिकटवलेलं नाव : स्वरांगी, पहिली ब.
तेही शेऱ्यात.

परवा तलाठी येऊन गेला.
एका दुपारी अठरा होड्यांचा पंचनामा.
पास्कूची 'स्टेला' अकरावी :
फळ्या फाटल्या, इंजिन चिखलात, नुकसान अंशतः.
"अंशतः म्हंजे किती गो?"
मला माहीत नव्हतं.
"तुझ्या कागदावर भरपाई मिलते काय?"
नाही.
"मंग येतेस कनाला?"

मी झाडांच्या बिल्ल्यांकडे वळले.

एक ते साठ. कांदळं सहा मोडली.
कांदळाचं जुनं लाकूड पुन्हा फुटत नाही,
तिथे 'मृत' लिहिताना हात अडू नये.
तिवराचं तसं नाही.
सत्तेचाळीस नंबरचं तिवर आडवं, अर्धी मुळं वर,
पानं चहाच्या चोथ्यासारखी.
पेन टेकवलं होतं मी.
पास्कूची आई रेजिनाबाय खुबे वेचत होती,
वाकलेली होती तशीच पुढे आली,
अंगठ्याच्या नखानं साल खरवडली.
आत हिरवं. कोवळ्या वालासारखं.
"थांब," एवढंच म्हणाली.

तो रकाना कोरा ठेवला.
पुढच्या पंधरवड्याला कोरा.
त्याच्या पुढच्याही.
मॅडमचा फोन : सत्तेचाळीस गाळलंय की चुकलंय?
म्हटलं, पाहतेय.

बिळं दोन. मग नऊ. मग पुन्हा चार,
कारण रात्रीतून कुणीतरी डेब्रिजचा ट्रक ओतला.
त्याला वादळ लागत नाही.
श्रावणात क्षारता सातवर आली.
ती पावसाची, वादळाची नव्हे, हे ओळखायला
मागची आठ वर्षं कागदावर असावी लागतात.
पास्कू, यासाठी येते.
तेव्हा सुचलं नव्हतं.
त्याची भरपाई आली, फळ्यांपुरती.
इंजिनाला रकाना नव्हता म्हणे.

आश्विनातली बीज.
चिखलावर काहीतरी उडालं, आपटलं,
डोळे वर काढून बसलं.
मी चौकट टाकायच्या आत पास्कू ओरडला, "निवटी!"
ती चौकटीच्या बाहेर होती. मोजता आली नाही.

आणि सत्तेचाळीस. तसंच आडवं.
कुशीतून सरळ वर तीन कोंब,
पानाच्या पाठीवर मिठाची पांढुरकी साय.
जिभेला लावून पाहिली.
आता मलाही थोडंफार चाखता येतं.

रकान्यात पर्याय दोनच. 'जिवंत'वर खूण केली.
शेऱ्याला बोटभर जागा :
पडलेलं आहे. उठणार नाही. वाढतंय.
खाली सही. तारीख.
तारखेपुढे, कुणी विचारलं नसताना, तिथी.